सत्तर हजारांची तपासणी

१२ फेब्रुवारी

बाळा,

"सविस्तर पत्रात लिहिते" म्हटल्यावर तू फोनवर हसलास. हस बापडा. पण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून निम्मं आयुष्य काढलं की माणसाला रिंग ऐकली तरी नको होतं. शिवाय तुझी प्रश्नांची फैर सुरू झाली की मला धड एक वाक्य पुरं करता येत नाही. कागद मधे बोलत नाही.

तर गाडी. बॅटरी उतरली होती म्हणून वर्कशॉपला नेली. त्यांनी बॅटरी बदलता बदलता किलोमीटरचा आकडा टिपून घेतला आणि लगेच तुझ्या मोबाइलवर संदेश धाडला, की गाडी सत्तर हजाराला आली, तपासणीला आणा. नंबर तुझाच दिलेला, त्यामुळे मला कळायच्या आधी तुला कळलं. "आई, घेतली तेव्हा एकसष्ट होते. बाजार आणि वाचनालय करून वर्षात नऊ हजार? बाजार दुसऱ्या देशात भरतो का?" असं तू विचारलंस.

अरे, आम्ही एक्स्चेंजच्या चौघी मैत्रिणी, आणि चौघींत चाकं एकटीकडे. कुणाचे डोळे तपासायचे असतात, कुणाच्या भाचीला मूल झालेलं असतं. थोडं थोडं करून होतं. कधी नुसतीच चक्करही मारते. या वयात गाडी शिकलेल्या बाईला थोडा माज असायचाच.

आणि काळजी करू नकोस, तू शिकवलंस ते सगळं करते. रविवारी चाकांतली हवा बघते. गाडी थंड असताना पट्टी काढून, पुसून, पुन्हा घालून ऑइल बघते. कूलंटची पातळी बघते. जुन्या गाडीला आधीच्या मालकाने काय खाऊ घातलंय माहीत नसतं, म्हणून तिला कंपनी सांगते त्याच्या थोडं आधीच दाखवायचं, हेही लक्षात आहे. सत्तर हजारांच्या तपासणीलाही नेणार आहे. आठ-पंधरा दिवसांत.

एक विचारायचं होतं. मागच्या सीटचा पट्टा लहान मुलांच्या गळ्याशी येतो, त्याला काही उपाय असतो का? खालच्या मजल्यावरच्या बाईंची नात कधी कधी बसते.

जेवत जा वेळेवर.

तुझी आई


९ एप्रिल

बाळा,

तुझे तीन संदेश आले. वर्कशॉपच्या यादीत गाडीची तपासणी झालेली दिसत नाही म्हणतोस. दिसणार नाही. मी दुसरीकडे करून घेतली. मैत्रिणीच्या ओळखीचा एक माणूस आहे, मोठ्या वर्कशॉपसारखी उगाच दिवसभर गाडी अडकवून ठेवत नाही. ऑइल बदललं, ऑइलचा फिल्टर बदलला, हवेचा फिल्टर झटकून लावला. ब्रेकचे पॅडही बघितले म्हणाला. ब्रेक दाबला की पुढून बारीक किंचाळल्यासारखा आवाज यायचा, म्हणून मीच विचारलं. धूळ बसली की येतो म्हणाला. त्याच्याकडे पावतीबिवतीची भानगड नाही.

तू लगेच म्हणशील, त्याचा नंबर दे. तो फोन उचलत नाही रे. काम करणाऱ्या माणसाचे हात काळे असतात.

परवा तुझा आवाज थकलेला वाटला. तिकडे एकटं राहून तू फार कमी बोलायला लागला आहेस. मी पण कमीच बोलते. फोनवर आपण दोघं एकमेकांना "बरं आहे" म्हणतो आणि ठेवून देतो.

आवाज अधूनमधून येतो अजून. रेडिओ लावला की ऐकू येत नाही.

आई


४ मे

बाळा,

आधीची दोन्ही पत्रं खोटी होती. हे खरं आहे. बसून वाच, आणि पुरं वाचून होईपर्यंत मला फोन करू नकोस.

ओळखीचा माणूस वगैरे कुणी नाही. मी गाडी कुठेही दाखवली नाही. चौघी मैत्रिणींपैकी दोघी मुलांकडे राहायला गेल्या, तिसरी माझ्या गाडीत बसायला घाबरते. खालच्या बाईंना नात नाही, दोन नातू आहेत, ते कॉलेजात जातात.

नऊ हजार किलोमीटर मी तुझ्या लेकीला, भुंग्याला भेटायला चालवले.

तुमच्या घटस्फोटाचा निकाल लागल्यावर तिची आई तिला घेऊन कुठल्या गावी गेली ते तुला माहीत आहे. जाऊन-येऊन एकशे ऐंशी पडतात. मागच्या वर्षी एका सहकारी बाईंच्या निवृत्तीच्या समारंभाला त्याच गावी गेले होते. भेटवस्तूला कागद घ्यायला दुकानात शिरले, तर काउंटरशी भुंगा. वाढली होती, पण तीच गुणगुण, ओठ मिटून. मी मागे सरले. खरंच सांगते, पळून जाणार होते. तिनेच पाहिलं आणि "आजी!" म्हणून कंबरेला मिठी मारली.

तिची आई बिल देत होती. तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही पोरीचा हात ओढून निघून जाईल, आणि गेली असती तर मी काय म्हणणार होते? कोर्टात तिच्या समोर उभं राहून मी काय बोलले होते ते तिने ऐकलंय. पण ती थांबली. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाली, "शुक्रवारी हिची शाळा लवकर सुटते. मला कामावरून यायला सहा होतात. येणार असाल तर या. त्याला सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा."

ती आता मला आई म्हणत नाही. दुसरं काहीही म्हणत नाही, सरळ वाक्यच सुरू करते.

तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक शुक्रवारी गेले. शाळेतून भुंग्याला घ्यायचं, डबा खायला लावायचा, पोहायच्या तलावावर न्यायचं, ओले केस पुसून घरी सोडायचं. तिला आता पाण्याखाली डोळे उघडता येतात. हे मी तुला सांगू शकले नाही. "त्या घराशी आपला संबंध संपला, आई," असं तू बजावून गेला होतास. मी मान हलवली होती. कुणी बजावलं की मान हलवायची, हे माझं जुनंच आहे.

मग फेब्रुवारीत तो संदेश तुला गेला. तपासणीला नेली की पुन्हा आकडा जाणार, पुन्हा तू विचारणार. म्हणून नेली नाही. आज नेते, उद्या नेते. आवाज येत होता. आधी बारीक, मग घासल्यासारखा, लोखंडाने लोखंड खरवडावं तसा. मी रेडिओ मोठा केला.

परवाच्या शुक्रवारी तलावावरून निघालो. तिथून मोठ्या रस्त्याला लागायला उतार आहे, खाली चौक. भुंगा मागे बसून मला कुठलीशी गंमत सांगत होती. मी ब्रेक दाबला. आधी करकर झाली आणि मग पाय नुसता खाली गेला. पुन्हा दाबला. गाडी तशीच धावत होती. समोर लाल दिवा, आडवी एक बस. मला तुझा आवाज आठवला नाही, काही आठवलं नाही. हँडब्रेक ओढला आणि चाक डावीकडे फिरवलं. तिथे बागेची भिंत होती.

तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं. पट्ट्याने. डॉक्टर म्हणाले, पट्टा नसता तर काचेवर गेली असती. लहान मुलांचं हाड लवकर जुळतं, ऑपरेशन नको, हात झोळीत ठेवा, महिन्याभराने काढू. मला कपाळाला दोन टाके. भिंतीपलीकडे बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांना काही झालं नाही, हे मी दिवसातून किती वेळा स्वतःला सांगते.

दवाखान्यात तिची आई धावत आली. चेहरा पांढराफटक. ती आत शिरते न शिरते तोच भुंगा म्हणाली, "आई, आजीची चूक नाही. मी मागून आजीचे डोळे झाकले."

तिने असं काही केलं नव्हतं, ती जागची हललीही नव्हती. पण इतकं सराईत, डोळ्यांत डोळे घालून, एवढ्याशा तोंडाने. आणि ते कुणी शिकवलं? गेल्या पावसाळ्यात एकदा ती गाडीत असताना तुझा फोन आला होता. मी ओठांवर बोट ठेवून तिला गप्प केलं होतं. त्यानंतर तू तिच्या वाढदिवसाला तिला फोन केलास तेव्हा "आजी भेटते का" असं सहज विचारलंस, आणि ती "नाही" म्हणाली. मला हे तिनेच सांगितलं, शाबासकी मिळेल म्हणून. आणि मी दिली रे. पाठीवरून हात फिरवला.

मी म्हटलं, "खोटं बोलतेय ती. तिने काही केलं नाही. गाडीचे ब्रेक गेले होते."

"अचानक?" तिच्या आईने विचारलं.

"नाही. आवाज येत होता."

"केव्हापासून?"

"दोन-तीन महिने."

"मग दाखवली का नाहीत?"

मी सांगितलं. तपासणीला नेली असती तर त्याला किलोमीटर कळले असते.

ती बराच वेळ पोरीच्या केसांतून बोटं फिरवत बसली. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. मग हळू म्हणाली, "म्हणजे पोटच्या पोराला घाबरून तुम्ही माझी मुलगी बिनब्रेकच्या गाडीत बसवत होतात."

कोर्टात मी शपथेवर सांगितलं होतं, की हिचं मुलीकडे लक्ष नाही, ताप असताना हिने पोरीला घरात एकटं सोडलं. हे वाक्य तू मला दिलं होतंस. "आई, एवढं एकच म्हण." आणि त्या दिवशी भुंगा एकटी नव्हती. तिच्यापाशी मी होते. तिची आई मला बसवून औषध आणायला गेली होती. ते तुलाही माहीत आहे, मलाही, तिलाही.

मुलीकडे लक्ष कुणाचं नव्हतं, ते आता पक्कं झालं.

मला तोंड दाखवायला जागा नाही. तुझ्यासमोरही नाही, म्हणून हे लिहून पाठवते आहे.

आई


२१ मे

तुझा फोन झाला तेव्हा मी नुसतं "हं, हं" करत राहिले. तू ओरडत होतास आणि मला तो ओरडा हक्काचा वाटत होता. पाठीमागून केलंस म्हणालास, बरोबर. तुझ्या पैशाच्या गाडीत तुझ्याच मुलीचं हाड मोडलंस म्हणालास, तेही बरोबर.

पण शेवटी जे म्हणालास ते मी रात्रभर उलटसुलट करून पाहिलं आणि ते बरोबर नाही.

तू म्हणालास, तुझं पत्र मी वकिलाला दाखवतो. जी आई मुलीला डोळे मिटून कुणाच्याही मोडक्या गाडीत बसवते तिच्याकडे ताबा कसा राहील ते बघतो.

बाळा, ते पत्र मी तुला लिहिलं. वकिलाला नाही. तिने मुलीला "कुणाच्याही" गाडीत बसवलं नव्हतं. सख्ख्या आजीच्या गाडीत बसवलं, आणि तेही त्या आजीने तिच्याबद्दल जे केलं ते पोटात घालून. तिला काय ठाऊक की आजीने कानाडोळा केलाय?

तरीही द्यायचं असेल तर दे. मी अडवू शकत नाही. मग कोर्ट मला बोलावेल आणि मी येईन. ब्रेकचं मी सांगेन, काही राखून ठेवणार नाही. पण त्याच पिंजऱ्यात उभी राहून तापाच्या दिवसाचंही सांगेन. मी घरात होते, हे. वाक्य कुणी दिलं, हेही. खोटी शपथ घेतली म्हणून मला जे व्हायचं ते होवो. या वयात मला कोण काय करणार? आणि केलं तरी ते माझंच आहे.

हे धमकी म्हणून लिहीत नाही. मला तुझी भीती वाटते, अजूनही वाटते. हे लिहिताना अक्षर बघ कसं झालंय. लहानपणी तू अबोला धरलास की मी दारामागे उभी राहून विनवण्या करायची. तुझे बाबा म्हणायचे, अगं, तो जेवेल भूक लागली की. मला तेवढा दम कधी निघाला नाही. पण भीतीपायी काय होतं ते मी आता डोळ्यांनी पाहिलं.

आणखी एक. गाडी आज तुझ्याच वर्कशॉपला नेली. टो करून. बंपर, दिवा, पुढचे पॅड, घासून गेलेल्या डिस्क, गळणारी ब्रेकची नळी, ब्रेक ऑइल, सगळं नवं. सत्तर हजारांचं राहिलेलं सगळं करायला सांगितलं. प्लग, फिल्टर, इंजिनचे पट्टे, चाकांची अदलाबदल. खर्च माझ्या पेन्शनमधून. फोरमनने विचारलं, संदेश कुणाच्या नंबरवर पाठवू? मी म्हटलं, दोघांच्या. म्हणजे संध्याकाळी तुला आकडा येईल. बघ. तो खरा आहे, आणि पुढेही तो वाढत जाणार आहे, जर तिने मला येऊ दिलं तर.

तिने अजून काही सांगितलेलं नाही. फोन केला होता, भुंगा बरी आहे एवढंच म्हणाली.

आई


३ जुलै

बाळा,

तुझा संदेश वाचला. "पत्र कुणालाही दिलं नाही, देणार नाही." एवढ्या दोन तुकड्यांसाठी तू महिना घेतलास, पण घेतलास ते बरं केलंस. मी दोनदा वाचला. मग मोबाइल उपडा ठेवून स्वयंपाकघरात जाऊन उगाचच स्वच्छ भांडी पुन्हा घासली.

इकडचं सांगते.

जूनच्या मध्याला, शाळा सुरू झाल्यावर तिचा फोन आला. "झोळी काढली. ती तुमची वाट बघते. बसने या."

बसने गेले. दोन बस बदलून, वर पाऊण तास चालून. शाळेच्या फाटकाशी उभी राहिले तर भुंग्याने आधी गाडी शोधली आणि मग मला. आम्ही पायी घरी गेलो. मी तिला सांगितलं, "तू दवाखान्यात माझ्यासाठी खोटं बोललीस. ते मी तुला शिकवलं, आणि ते वाईट शिकवलं. तुझी चूक नाही." ती म्हणाली, "मग आता आईला सगळं सांगायचं? अगदी सगळं?" मी हो म्हटलं. त्यावर तिने विचार करून सांगितलं, "मग तू मला दोन आइसक्रीम देतेस तेपण सांगावं लागेल." दुसरं आइसक्रीम तिथल्या तिथे बंद झालं.

तिच्या आईशीही बोलले. कोर्टातल्या वाक्याबद्दल. इतकी वर्षं मनात घोळवून ठेवलेलं सगळं बोलायला गेले आणि "मी तेव्हा घरात होते" एवढंच बाहेर पडलं. ती कपडे घडी करत होती. म्हणाली, "मला माहीतच आहे ना ते. मी तर तुमच्यासमोरून औषध आणायला गेले होते." आणि थोड्या वेळाने, "पण तुमच्या तोंडून ऐकायचं होतं." माफ केलं वगैरे काही म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. घडी केलेल्या टॉवेलांचा गठ्ठा तिने माझ्या हातात दिला, मी तो कपाटात नेऊन ठेवला.

मागच्या शुक्रवारी तिने गाडी घेऊन यायला सांगितलं. भुंग्याला शेजाऱ्यांकडे ठेवलं आणि मला म्हणाली, "किल्ली द्या." मी बाजूच्या सीटवर बसले. तिने गाडी थेट तलावाच्या रस्त्यावर नेली, त्याच उतारावर. बागेची भिंत बांधून झालीये, नवा भाग वेगळा दिसतो. उतारावर तिने वेग घेतला आणि ब्रेक मारला. गाडी थांबली. वळवून पुन्हा वर नेली, पुन्हा मारला. पुन्हा एकदा. मी दाराची कडी धरून बसले होते. तिसऱ्यांदा थांबल्यावर तिने काच खाली करून आवाज ऐकला. मग इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून रडली. मला वाटतं त्या दिवशी दवाखान्यात राहून गेलेलं सगळं. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले आणि मधेच थांबले, ठेवू की नको. तिने तो ठेवू दिला.

"दर पाच हजाराला दाखवायची," नाक पुसत ती म्हणाली. "पावती मला दाखवायची."

"दाखवीन."

"आणि रेडिओ बंद."

"काढूनच टाकते," मी म्हटलं, तेव्हा ती जराशी हसली. फार नाही.

आता तुझा प्रश्न. संदेशाच्या शेवटी तू भीत भीत विचारलंस, भुंगा माझ्याबद्दल काही विचारते का?

हो लिहिलं असतं तर तुला आज झोप लागली असती. मला ते लिहायचंही होतं. पण नाही, बाळा. ती विचारत नाही. मी मुद्दाम तुझं नाव काढलं, तर तिने ऐकून घेतलं आणि आपल्याला पाण्याखाली किती वेळ राहता येतं ते मला सांगायला लागली. राग नाहीये तिला. राग असता तर बरं होतं, रागावलेलं माणूस निदान वाट बघतं. ती तुझ्यावाचून राहायला शिकली आहे, जसं पोहायला शिकली.

हे वाचून तुला जे होईल ते मला इथे होतंय. तुझा दोष तेवढाच माझाही, कारण तू बजावलंस आणि मी मान हलवली, आणि मग चोरून जे सुख घेतलं ते एकटीने घेतलं. तुझं नाव तिथे कधी न्यायचं धाडस केलं नाही.

फोनवर हे भरून निघणार नाही. ये. सुट्टी नसेल तर मागून घे. स्टेशनवर न्यायला मी येईन, चालवायची मात्र मीच. पण तिच्याकडे जायच्या आधी तिच्या आईला विचारायचं, येऊ का म्हणून. ती नाही म्हणाली तर पुन्हा काही दिवसांनी विचारायचं.

मी तुझ्या वतीने शब्द टाकणार नाही. नंबर तोच आहे. तुझं तू विचार.

आई